श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आणि निसर्ग चक्रीवादळ

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनची ओळख रोठा सुपारीने झाली. पनवेलहून माणगाव, म्हसळा करीत खाली उतरले की समुद्र दिसण्याआधी वाड्या लागतात. ही सुपारी मोठी, आतून पांढरी आणि खायला मऊ. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे मूळ गाव. हे गाव जंजिरा संस्थानात होते आणि 1948 साली संस्थानाबरोबर भारतात विलीन झाले. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही येथेच आहे.

वाडी म्हणजे एकाच पिकाचे शेत नव्हे. वर नारळ, मधल्या थरात सुपारी, खाली केळी आणि जायफळ, खोडांवर चढलेली मिरी, अशी ती थरांची असते. पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने पाणी काढून पाटांतून खेळवीत. सुपारीची झाडे साधारण 2.7 मीटर अंतराने लावतात. बारीक, उंच खोडांची ही दाटी एकमेकांना सावली देते. कडेची झाडे गेली की आतल्या खोडांना ऊन लागते, साल करपते आणि वादळातून वाचलेले झाडही नंतर कमकुवत होते.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा, झोत 120 पर्यंत. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूला वारा अधिक जोरकस असतो आणि श्रीवर्धन नेमके त्या बाजूला होते. हे वादळ तासन्‌तास अख्ख्या किनारपट्टीवर घोंगावत राहिले. सुपाऱ्या मध्येच मोडल्या, नारळ मुळासकट उपटले, घरांची कौले आणि पत्रे उडाले. विजेचे खांब आडवे झाल्याने कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती.

भरपाईच्या हिशेबात मात्र वाडी बसेना. फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले, म्हणजे गुंठ्याला 500. गुंठ्यात तेरा-चौदा सुपाऱ्या मावतात. झाडामागे चाळीस रुपयेही पडत नाहीत. येथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात आणि त्यांचे उत्पन्न थरांवर अवलंबून असते, त्यामुळे क्षेत्राचा निकष बागायतदारांवर अन्याय करणाराच होता. पुढे झाडानुसार मदत ठरली: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. पडलेली खोडे तोडून वाडी साफ करण्याच्या मजुरीपुढेही ही रक्कम तोकडीच होती.

सुपारीचे रोप रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष वाढवून लावतात. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून त्याआधी केळी लावून सावली धरावी लागते. लागवडीनंतर फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. 2021 च्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची पहिली सुपारी त्यामुळे 2027 च्या आधी हाती येणे कठीण.