माहूरचा किताब आणि जखमेचा मान

माहूरला येणारा यात्रेकरू रेणुकामातेचे दर्शन घेतो, दत्तशिखर आणि अनसूयेचे स्थान करतो, आणि सवड असली तर किल्ल्याच्या तटाकडे एक दृष्टी टाकून परततो. परंतु मोगल अमदानीत हेच माहूर वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते, आणि येथील उदाराम देशमुखांच्या घराण्यातील एका विधवा स्त्रीने रणांगणावरील पराक्रमाच्या बळावर औरंगजेबाकडून ‘रायबाघन’ हा किताब मिळविला होता, याचे स्मरण त्याला सहसा कोणी करून देत नाही.

ही रायबाघन मराठ्यांच्या इतिहासात येते ती विपक्षातून. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून कोकणात जात असता उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी तिला चोहोंकडून कोंडले. त्या फौजेत रायबाघन होती. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त हा प्रसंग वर्णिला आहे. अशा दुर्गम वनात सैन्य घालण्याच्या अविचाराबद्दल तिने खानाला स्पष्ट शब्दांत दोष दिला आणि शरण जाण्याचा सल्ला दिला; खानाने तो मानला, खंडणी भरली, आणि उरलेले लोक जिवानिशी बाहेर पडले. किताब तिला आधीच्या मर्दुमकीबद्दल मिळाला असेल, परंतु माझ्या मते तिच्या धैर्याची खरी कसोटी त्या खिंडीत लागली. कारण सरदाराच्या हट्टापायी विनाकारण मरणाऱ्या शिपायांची बाजू घेऊन भर फौजेत पराभव कबूल करावयास सांगणे, हे तलवार चालविण्याहून सोपे नाही.

किताब आणि जहागिरी हा शौर्याचा दरबारी सन्मान झाला. ज्याचा हात तुटला, ज्याची मांडी फुटली, त्या नामनिर्देशही न झालेल्या शिपायाचे पुढे काय होई, हा प्रश्न इतिहासाने फार क्वचित विचारला आहे. त्याचे एक उत्तर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडते. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखानाच्या सैन्याचा मोड झाल्यावर महाराजांनी पराक्रमी सरदारांना हत्ती, घोडे, कडी, गावे बक्षीस दिली, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच ठिकाणी सभासद असेही नमूद करतो की, जखमींना जखम पाहून दर असामीस दोनशे, शंभर, पन्नास आणि पंचवीस होन दिले गेले, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले गेले, आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना अर्धे वेतन चालू केले गेले. विजयाच्या त्या धामधुमीत प्रत्येक जखम पाहून रकमेचा निवाडा करणारी ही तजवीज मला त्या दिवसाच्या जयाइतकीच थोर वाटते. पुढे पेशवाईत पडलेल्यांच्या कुटुंबांस जी ‘बालपरवेशी’ मिळे, ती याच विचाराची परंपरा होय.

दौलतीचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे सोबती उपयोगी पडतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजी शिंद्यांच्या गुडघ्यावर वार बसला आणि ते रणाबाहेर असहाय पडले असता राणेखान नावाच्या एका पखालजीने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेची वाट धरली. पाय कायमचा अधू झाला, परंतु प्राण वाचले. महादजींनी त्या उपकाराचे विस्मरण होऊ दिले नाही; राणेखानास त्यांनी भाऊ मानले, त्याला सरदारी दिली, आणि पाण्याची पखाल वाहणारा तो मनुष्य पुढे शिंद्यांच्या फौजांचा सेनानी होऊन १७८८ मध्ये आग्र्याच्या लढाईत उतरला.

अर्वाचीन काळी जखमी सैनिकांना सांभाळण्याचे हे कार्य महाराष्ट्रात मुख्यतः पुण्याजवळील खडकीस चालत आले. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था तेथे आहे. कण्याच्या दुखापतीने पांगळ्या झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही तेथे आहे, आणि त्यात चाकांच्या खुर्चीवरील जुना जवान नव्याने आलेल्यास पुन्हा जगण्याचा धडा घालून देतो. अशाच जखमी जवानांपैकी एक, सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पोहू लागले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी मिळाली. हा विलंब आपल्याला शोभणारा नव्हता.

मराठवाड्याच्या गावोगावी आजही सैन्यातून परतलेली माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत. दरवर्षी ७ डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. वाचकांनी त्या दिवशी आपला वाटा द्यावा, तो देणगी म्हणून न देता देणे म्हणून द्यावा, आणि आपल्या गावातील अशा एका सैनिकाच्या घरी जाऊन त्याच्या पेन्शनीचा वा औषधपाण्याचा कागद कोणत्या कचेरीत अडला आहे, याची चौकशी करावी.