खुरानांचं बिनपगारी वर्ष

पीएच.डी.नंतर फुकट राबावं का, हा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी हरगोविंद खुरानांचं नाव काढतंच. सध्या निमित्त आहे भाच्याचं. बायोमेडिकलमध्ये पोस्टडॉक शोधतोय, आणि एका ठिकाणाहून 'पहिले सहा महिने स्वतःच्या खर्चाने या' असं उत्तर आलंय. लगेच काकांची मेल, "खुरानांनीही हेच केलं होतं!"

केलं होतं, खरंय. पण काका, गोष्ट पूर्ण सांगा की.

मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर नावाच्या लहानशा खेड्यात खुरानांचं जवळजवळ एकटंच शिकलेलं घर. १९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले, १९४८ला पीएच.डी. झाले आणि मग झुरिकला प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पगार शून्य. साठवलेल्या पैशांवर वर्षभर कसंबसं निभावलं. त्या काळात जुन्या जर्मन नियतकालिकांमध्ये त्यांना कार्बोडायइमाइड नावाची रसायनं सापडली. पुढे डीएनएचे तुकडे जोडताना हीच त्यांच्या कामी आली. म्हणजे वर्ष वाया गेलं नाही, हे मान्य.

पण पैसे संपले. १९४९ साली भारतात परतले, तर फाळणीत गाव पाकिस्तानात गेलेलं आणि इथे नोकरी मिळेना. गोष्ट इथेच संपली असती, तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं. ती पुढे गेली कारण केंब्रिजला केनर आणि टॉड यांच्याकडे काम करायला फेलोशिप मिळाली. १९५० ते ५२. न्यूक्लिइक आम्लांची गोडी तिथे लागली. मग व्हँकुव्हरला स्वतःची प्रयोगशाळा, पुढे विस्कॉन्सिन, आणि १९६८ साली नोबेल. माझ्या मते त्यांना घडवलं ते केंब्रिजच्या त्या फेलोशिपने, झुरिकच्या उपासाने नव्हे. काकांच्या मेलमध्ये केंब्रिजचा उल्लेखच नाही :)

आणि दाखलाच द्यायचा तर त्याच नोबेलशी जोडलेला दुसरा पोस्टडॉकही आठवावा. हाइनरिश माथेई. जर्मनीहून नाटोच्या फेलोशिपवर आलेला, अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएचमध्ये निरेनबर्गकडे काम करणारा. २७ मे १९६१च्या पहाटे त्याने नुसत्या 'यू'ची साखळी असलेला कृत्रिम आरएनए पेशींच्या रसात टाकला, आणि फेनिलअॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची प्रथिन-साखळी तयार झाली. जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला गेला! निरेनबर्ग तेव्हा गावातही नव्हते, कॅलिफोर्नियात होते. (प्रयोगाची दिशा आणि ही पद्धत उभी करण्यात त्यांचा वाटा मोठा होता, हेही सांगायला हवं.) त्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निबंध निरेनबर्गनीच वाचला. श्रोते मोजकेच होते. क्रिकच्या कानावर गेलं, म्हणून मोठ्या सभागृहात तो पुन्हा वाचायला लावला.

१९६८चं पारितोषिक निरेनबर्ग, खुराना आणि हॉली या तिघांना मिळालं. एका नोबेलमध्ये तिघांहून जास्त नावं बसत नाहीत. माथेई तोवर जर्मनीत परतला होता. ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत तो पुढे कित्येक वर्षं काम करत राहिला.