लगाम, शस्त्र आणि आकडा

खोल जखमेतील मृत मांस कापून काढण्याच्या क्रियेला शस्त्रवैद्य 'डिब्राइडमेंट' म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ लगाम सोडवणे असा आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील पिएर-जोसेफ देसो याच्या शिकवणीतून तो रूढ झाला. सुजेमुळे आवळलेली जखम चिरून मोकळी करणे, एवढाच त्याचा प्रथम अर्थ होता. देसोचा शिष्य लारे याने ही विद्या नेपोलियनच्या रणांगणांवर नेली.

पुढे ती मागे पडली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात कोरड्या भूमीवर झालेल्या गोळ्यांच्या जखमा फारशी कापाकापी न करताही भरून येत. त्यामुळे जखमेस हात न लावणेच बरे, असे अनेकांस वाटू लागले. १९१४ साली हा भ्रम फिटला. फ्लँडर्सची शेते पिढ्यान् पिढ्या शेणखत खाऊन पोसलेली. तोफगोळ्याच्या तुकड्यांबरोबर ती माती मांसात शिरे, आणि वायुकोथाने सैनिक दगावत. तेव्हा बेल्जियमचा शस्त्रवैद्य अंत्वान दपाज याने ला पान येथील रुग्णालयात जुन्या विद्येचे पुनरुज्जीवन केले. मृत मांस समूळ काढावे, जखम लगेच शिवू नये, ती निर्दोष ठरल्यावरच मिटवावी, अशी त्याची रीत होती. अशा रीतीने 'मोकळे करणे' या शब्दास 'मृत भाग काढणे' हा अर्थ आला.

या शब्दाचे तिसरे रूप मात्र हिशेबाच्या वहीत घडले. १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय क्रियांची सांकेतिक सूची प्रसिद्ध केली. १९७० च्या आवृत्तीत पाच अंकी क्रमांक आले, आणि १९८३ साली तेथील सरकारने मेडिकेअर या योजनेसाठी ती सूची स्वीकारली. त्वचेखालील थरापर्यंतचा मृत भाग काढल्यास ११०४२, स्नायू वा त्यावरील आवरणापर्यंत ११०४३, हाडापर्यंत ११०४४, असे क्रमांक ठरले. २०११ सालच्या फेररचनेनंतर हे क्रमांक पहिल्या २० चौरस सेंटिमीटरांपुरते धरले जातात. त्यापुढील प्रत्येक २० चौरस सेंटिमीटरांस वा त्याच्या अंशास जोडक्रमांक लागतो.

यात एक सूक्ष्म पण मोलाचा भेद आहे. जखम किती खोल आहे, हे येथे पाहत नाहीत. प्रत्यक्षात कोणता थर कापून काढला, हे पाहतात. जखमेच्या तळाशी हाड दिसत असले, तरी शस्त्र त्वचेखालील थरापाशीच थांबले असेल, तर क्रमांक ११०४२ हाच. ११०४४ लिहिणे म्हणजे न केलेल्या कामाचे मोल मागणे. उलट, स्नायू काढूनही टिपणात 'जखम स्वच्छ केली' एवढेच लिहिले, तर केलेले कामही पदरात पडत नाही.

देसो आणि दपाज यांची कसोटी रुग्णाच्या जिवावर लागली. आजच्या शस्त्रवैद्याची तशीच लागते. पण शस्त्र खाली ठेवल्यावर त्याला आणखी एका कसोटीस उतरावे लागते. किती काढले, कोठवर काढले, हे त्याने खरेपणाने लिहावे लागते. कारण त्या दोन ओळींवरच कोणाच्या तरी डोक्यावरचे देणे ठरते.