झुला (उंचीवरील कामाचा)

झुला : इमारत, धुराडे किंवा टाकी यांच्या बाहेरच्या बाजूवर काम करण्यासाठी दोराने टांगलेली एका माणसाची बैठक. जहाजांच्या डोलकाठ्यांवरील कामातून ती किनाऱ्यावर आली. मुंबईच्या चेंबूर परिसरात तिचा वापर दोन ठिकाणी होतो : माहुल-तुर्भे पट्ट्यातील तेलशुद्धीकरण व खत कारखाने आणि निवासी सोसायट्या. टिळकनगरच्या जुन्या म्हाडा वसाहतीच्या जागी टॉवर उभे राहिल्यावर तळापासून बांबूची परांची बांधणे अनेक कामांना अवघड झाले. रंगकाम, भेगा बुजवणे, नळ बदलणे व काचा पुसणे झुल्यावरून होऊ लागले. पावसाळ्यात हे काम बहुतांशी थांबते.

रचना : लाकडी पाट व त्याच्या दोन्ही टोकांखालून नेलेला दोर हे जुने रूप. सुरक्षित पद्धतीत दोर दोन असतात. एकावर बैठक, तर दुसरा जीवरक्षक; अंगातील पूर्ण हार्नेस या दुसऱ्या दोरावरील पकडीला जोडलेला असतो. दोन्ही दोर वेगवेगळ्या आधारांना बांधावे लागतात. दोन्ही एकाच खांबाला बांधल्यास दुसऱ्या दोराचा अर्थच उरत नाही. गच्चीचा कठडा, पाण्याचा नळ किंवा अँटेनाचा खांब हे आधार नव्हेत. कमरेचा पट्टा पडणाऱ्याला वाचवण्यास पुरेसा नाही.

दोर : बहुतेक धोका येथेच साठतो. कठड्याच्या कडेवर दोर घासतो, म्हणून तेथे जाड आवरण हवे. नायलॉन आम्लाने कमजोर होतो. फरशी-भिंत धुण्याचे आम्ल वापरताना हे विशेष महत्त्वाचे. पॉलिएस्टर तीव्र अल्कलीने बिघडतो. पॉलिप्रॉपिलीन दोन्हींना फारशी दाद देत नाही, पण उन्हात लवकर ठिसूळ होतो, आणि मुंबईच्या गच्च्यांवर दोर महिनोन्‌महिने उन्हात पडून असतात. रसायनाची झीज डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्यामुळे खरेदीची तारीख व वापराची नोंद नसलेला दोर माणसासाठी वापरू नये, तो सामान चढवण्यापुरता ठेवावा.

सुटका : हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. खाली उतरवण्याची सोय काम सुरू होण्यापूर्वीच गच्चीवर तयार असावी. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे ही योजना नव्हे.

कायदा : कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३२ उंचीवरील कामाच्या जागेस कुंपण वा अन्य संरक्षण सक्तीचे करत असे. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ मध्ये दुरुस्ती व देखभाल येत असे, मात्र तो दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. सोसायटीच्या रंगकामावरील तीन-चार जणांची टोळी त्यात कितपत बसत असे, याविषयी एकमत नव्हते. दोन्ही कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाले. ३० वर्षांवरील इमारतींची संरचना तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे. त्यातून निघणारी दुरुस्तीही अनेकदा झुल्यावरूनच होते.

भरपाई : कामावरील अपघाताची भरपाई कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार मिळत असे; तो पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला.