चोखोबांची पायरी आणि मंगळवेढ्याची भिंत

आषाढी एकादशी जवळ आली की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुमच्या चोखामेळ्याला वारकऱ्यांनी संत मानले, त्यांची समाधी खुद्द विठ्ठलाच्या दारात आहे, मग तुम्ही हिंदू धर्म सोडलाच कशाला?" दुसरीकडे आमच्याच वस्त्यांतले काही तरुण म्हणतात, "चोखामेळ्याचे नावही काढू नका. पायरीवर रडत बसलेला तो लाचार भक्त!" या दोन्ही मंडळींनी चोखोबांची पायरी पाहिली आहे. ते कसे मेले याकडे मात्र दोघांचेही लक्ष गेलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेख.

भिंतीखाली कोण होते?

चोखोबा जातीने महार. नामदेवांचे समकालीन आणि त्यांनाच गुरू मानणारे. त्यांचे आयुष्य मंगळवेढा आणि पंढरपूर या परिसरात गेले. मेलेली जनावरे ओढणे, गावकूस राखणे, गावाने सांगेल ते काम करणे, हीच महारकी त्यांच्याही वाट्याला आली. देवळात प्रवेश नव्हता. पंढरपुरात राहूनही विठ्ठल पाहायचा तो बाहेरूनच.

शके १२६० म्हणजे इ.स. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर खाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. देवाच्या चिंतनात मग्न असताना समाधी घेतली, असा हा मृत्यू नाही. राबताना आलेले हे मरण आहे. ज्या गावकुसाच्या आत राहण्याचा हक्क नव्हता, त्याच गावकुसाची भिंत बांधताना एक महार मेला. जातिव्यवस्था समजून घ्यायला आणखी कोणता पुरावा हवा?

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्याखालच्या हाडांपैकी ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा आवाज आला ती चोखोबांची, असे त्यांनी ओळखले आणि ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. कीर्तनात ही कथा ऐकताना लोकांचे डोळे पाणावतात. त्यात नामदेवांचे आपल्या शिष्यावरचे प्रेम आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण प्रश्न विचारायलाच हवा की बाकीच्या हाडांचे काय झाले? त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. जे बोलले नाहीत, ज्यांनी अभंग रचले नाहीत, ज्यांना नामदेवांसारखा गुरू नव्हता, त्यांची नावे कुठल्याच पोथीत नाहीत. एकाला पायरी मिळाली, बाकीच्यांना ढिगारा.

चमत्कार आणि बंद दार

महिपतींच्या 'भक्तविजय'मध्ये आणि कीर्तन परंपरेत चोखोबांच्या अनेक कथा आहेत. विठ्ठल स्वतः त्यांना हात धरून गाभाऱ्यात नेतो. पुजारी चिडतात आणि चोखोबांना नदीपलीकडे घालवून देतात. मग देवच पलीकडे जेवायला जातो. सोयराबाईंच्या हातून देवाच्या पितांबरावर दही सांडते. पुजारी चोखोबांच्या थोबाडीत मारतो, तर मूर्तीचा गाल सुजतो. देवाच्या हाराची चोरी केल्याचा आळ येतो. चोखोबांना बैलांना बांधून फरफटत नेण्याची शिक्षा होते, तेव्हा देव बैलांना जागचे हलू देत नाही.

या कथांचा साचा पाहा. आरोप, मारहाण, हद्दपारी, देहदंड हे सगळे त्यांत आहे. म्हणजे कथा रचणाऱ्यांना छळ माहीत होता, तो अन्याय आहे हेही कळत होते. देव भक्ताच्या घरी जेवतो, बैल थांबवतो, भक्ताच्या गालावरची थप्पड स्वतःच्या गालावर घेतो. पण देवळाचे दार उघडत नाही! कथा संपते तेव्हा पुजारी आपल्या जागी असतो आणि चोखोबा आपल्या जागी. चमत्काराने ऐकणाऱ्याचे मन हलके होते, व्यवस्थेला धक्काही लागत नाही. समाजशास्त्राच्या भाषेत याला सामाजिक नियंत्रण म्हणतात. दडपलेल्या माणसाला वेगळे समाधान देऊन जागच्या जागी ठेवायचे, हेच त्याचे काम.

ते दार चमत्काराने नाही, माणसांच्या दबावाने उघडले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे अस्पृश्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळाला. १३३८ ते १९४७, म्हणजे ६०९ वर्षे. एवढा काळ चोखोबांची समाधी दारात होती आणि त्यांची माणसे दाराबाहेर होती. "समाधी दारात आहे" हा ज्यांना समतेचा पुरावा वाटतो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चोखोबा काय शिकवतात?

आता आमच्या तरुण मित्रांशी दोन शब्द. चोखोबांना लाचार म्हणण्याआधी त्यांचे घर पाहा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा या सगळ्यांनी अभंग रचले. सोयराबाई, निर्मळा आणि बंका चोखोबांनाच गुरू मानत. चौदाव्या शतकात, जिथे शूद्रालाही वेद बंद होते, तिथे गावकुसाबाहेरच्या एका घरातले बायका-पुरुष आपले दुःख आपल्या भाषेत मांडतात, ही क्षुल्लक गोष्ट नाही. आपल्याला दुःख आहे आणि ते सांगण्यासारखे आहे, हेच त्या घराने जगाला पहिल्यांदा सांगितले.

सोयराबाई तर थेट विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग विटाळावाचून जन्मलेला कोण आहे, असा त्यांचा सवाल आहे. सोवळ्या-ओवळ्याचे सगळे शास्त्र एका महार बाईने अशा एका प्रश्नात उलटे केले. कर्ममेळा तर बापाच्याही पुढे जातो. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, तुला याची लाज कशी वाटत नाही, असा जाब तो देवालाच विचारतो. तिथे भक्ती मागे पडते आणि संताप पुढे येतो. बाप आणि मुलगा यांच्यातले हे अंतर ज्याने पाहिले, तो चोखोबांच्या घराला लाचार म्हणणार नाही.

पण आम्ही भाबडेपणाही करणार नाही. गेल्या जन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली म्हणून आपल्याला महाराचा जन्म मिळाला, असे चोखोबांच्याच नावावरच्या एका अभंगात सांगितले आहे. ब्राह्मणी व्यवस्थेचा खरा विजय इथे आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच तोंडून तिने वदवले की दोष माझाच. चोखोबांना वेदना कळली होती, वेदनेचे कारण मात्र कर्मसिद्धान्ताने झाकून टाकले होते. बुद्धांनी दुःखाबरोबर दुःखाचे कारण शोधायला शिकवले. आम्ही बुद्धांकडे गेलो त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

बाबासाहेबांनी काय केले?

बाबासाहेबांनी चोखोबांचा अपमान केला असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. पण त्र्यंबकला चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विचार समाजात सुरू झाला, तेव्हा त्यांनी तो उचलून धरला नाही. अस्पृश्यता नष्ट करणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, ही त्यांची भूमिका होती. आदर आणि अनुकरण यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

१९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथावर गांधीजींनी टीका केली. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी संतांविषयी नेमके बोट ठेवले आहे. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतल्या समतेसाठी लढा दिला नाही. संत जात मोडू शकतो पण सामान्य माणसाने मोडू नये, असेच लोकांना शिकवले गेले. म्हणून संत पूजेचा विषय झाला, उदाहरण झाला नाही. मंगळवेढ्याच्या भिंतीखालची बोलणारी हाडे आणि मुकी हाडे आठवा, म्हणजे हा मुद्दा लगेच कळेल.

आणि बाबासाहेबांनी प्रत्यक्ष काय केले? काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले होते. तुटपुंज्या बलुत्यावर चोवीस तास सरकारची आणि गावाची कामे करायला लावणारी जी पद्धत, तिलाच त्यांनी हात घातला. सहाशे वर्षांपूर्वी चोखोबा ज्या भिंतीखाली मेले ती भिंत याच पद्धतीची होती. बाबासाहेबांनी पायरीवर फुले वाहिली नाहीत, भिंत पाडायला घेतली.

नागपूरच्या जाईबाई चौधरींनीही हेच ओळखले होते. त्यांनी १९२२ साली मुलींसाठी शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांच्या नावाने मुलींना शाळेचे दार उघडले. चोखोबांचे नाव घ्यायचेच असेल तर असे घ्यावे.

आजच्या भिंती

शहरांत आजही आमची माणसे गटारात उतरून गुदमरतात, बांधकामांवर ढिगाऱ्याखाली सापडतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "एका मजुराचा मृत्यू" एवढेच असते. नाव नाही, ठेकेदारावर गुन्हा नाही, भरपाईसाठी विधवेने हेलपाटे मारायचे. मंगळवेढा अजून संपलेले नाही.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. चोखोबांच्या समाधीवरून कोणाशी भांडत बसू नका. आपल्या वस्तीत कामावर असताना मेलेल्या माणसाचे नाव, वय, काम, ठेकेदार, तारीख हे सगळे लिहून ठेवा, पोलिसांत तक्रार नोंदवा, भरपाईचा अर्ज भरा. हाडांतून आवाज येण्याची वाट पाहू नका. मुक्या हाडांच्या वतीने आपणच बोलायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!