नकाशाची प्रतिमा लहान करताना काय हरवते

नकाशाची अंकीय प्रतिमा लहान करणे म्हणजे तिच्यातील पिक्सेलांची संख्या घटवणे. छायाचित्र चौथाईवर आणले तरी चेहरा ओळखू येतो. नकाशाचे तसे नसते. त्यातील नावे, रेषा आणि अंतरे हाच त्याचा आशय असतो आणि पिक्सेल घटले की प्रथम तोच जातो. गोव्यात हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे १:२५,००० या प्रमाणात करावयाचे ठरले आणि गोव्यातील खाजन जमिनी नकाशावर दाखवण्याची तरतूदही झाली. आपले शेत, बांध किंवा घर रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ज्याला पाहायचे आहे त्याच्या हाती अशी अवाढव्य फाइल येते. पुष्कळदा ती मोबाइलवर येते, आणि कोणीतरी आधीच लहान केलेली असते.

किती लहान केल्याने काय बिघडते, हे साध्या हिशेबाने कळते. १:२५,००० प्रमाणाचा, ६० सेंटीमीटर बाजूचा चौरस नकाशा इंचाला ४०० पिक्सेल या दराने स्कॅन केला, तर प्रत्येक बाजूस सुमारे ९,४५० पिक्सेल मिळतात. एकूण जवळपास ८ कोटी ९३ लाख. एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे १.६ मीटर अंतर दाखवतो. पाच मीटर रुंदीचा बांध तीन पिक्सेलांत मावतो आणि दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला ३१ पिक्सेल मिळतात. हीच प्रतिमा मोबाइलच्या १,०८० पिक्सेल रुंदीत बसवली, की एक पिक्सेल सुमारे १४ मीटरांचा होतो. बांध पुसला जातो, अक्षर साडेतीन पिक्सेलांचा ठिपका उरते. त्यानंतर पडद्यावर बोटांनी कितीही मोठे केले तरी गेलेले परत येत नाही. वाचनीय अक्षरास आठ-दहा पिक्सेल उंची तरी लागते. म्हणून आकार ठरवण्यापूर्वी नकाशावरील सर्वांत बारीक अक्षर शोधून मोजावे. वरील नकाशा निम्मा करता येईल; चौथाईवर तो जेमतेम तग धरील.

दुसरी अडचण स्मृतीची. डिस्कवर पंचवीस-तीस मेगाबाइटची दिसणारी जेपेग फाइल उघडताच, दर पिक्सेलला तीन बाइट धरून, सुमारे २६८ मेगाबाइट जागा घेते. काही साधने आतून दर पिक्सेलला आठ बाइट वापरतात. तिथे हाच आकडा सातशेच्या पुढे जातो. अशी अनेक पाने जोडलेला नकाशा साध्या छायाचित्र-संपादकात उघडला की संगणक गुदमरतो. जेपेगमध्ये एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलांची मर्यादा आहे आणि जुन्या धाटणीच्या टिफ फाइलला चार गिगाबाइटची. त्यापुढे बिगटिफ हा प्रकार घ्यावा लागतो. लिबव्हिप्स हे मुक्त साधन संपूर्ण प्रतिमा एकदम स्मृतीत न घेता तुकड्यातुकड्याने हाताळते, त्यामुळे जुन्या संगणकावरही चालते. नकाशांसाठी मात्र जीडीएएल अधिक सोयीचे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीच्या पोटात तेच काम करते, त्यामुळे आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांनी क्यूजीआयएसच वापरावे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या पद्धतीच्या निवडीत. जवळचा एक पिक्सेल उचलून बाकीचे टाकून देणे ही सर्वांत वेगवान पद्धत, आणि वेगळे काही सांगितले नाही तर जीडीएएल तीच वापरते. स्कॅन केलेल्या नकाशावर ती वापरल्यास बारीक रेषा तुटक होतात, अक्षरांचे पाय गळतात, समोच्चरेषांच्या दाटीत कागदावर नसलेली नक्षी उमटते. अशा नकाशाला सरासरीची किंवा लान्झोश पद्धत द्यावी. रेषा फिकट होतील, पण सलग राहतील.

याच्या नेमके उलट भू-वापराच्या काही अंकीय नकाशांचे. तिथे रंग हा रंग नसून वर्गाचा क्रमांक असतो. समजा, ३ म्हणजे भातशेती आणि ७ म्हणजे वस्ती. दोहोंच्या सीमेवर सरासरी काढली तर ५ येईल, आणि ५ म्हणजे खारफुटी असेल तर शेत आणि घर यांच्यामध्ये खारफुटीची एक पट्टी उगवेल. ती पट्टी इतकी नीटस दिसते की पाहणाऱ्याला संशयही येत नाही. अशा नकाशाला जवळचा पिक्सेल उचलणारी पद्धतच योग्य, किंवा प्रत्येक चौकटीतील बहुसंख्य वर्ग निवडणारी.

नकाशाला जमिनीवरचे स्थान जोडलेले असेल, तर आणखी एक धोका असतो. हे स्थान जिओटिफमध्ये फाइलच्या आतच नोंदवलेले असते, किंवा शेजारी सहा ओळींची एक लहान मजकूर-फाइल असते. त्या फाइलची पहिली आणि चौथी ओळ पिक्सेलचा आकार सांगते. साध्या संपादकात प्रतिमा निम्मी केली आणि या ओळी तशाच ठेवल्या, तर नकाशा चौथाई क्षेत्रात आक्रसतो. वरच्या उदाहरणात उजव्या-खालच्या कोपऱ्यातील गाव साडेसात किलोमीटर पश्चिमेला आणि तितकेच उत्तरेला सरकेल. छायाचित्रांसाठीची पुष्कळ साधने जिओटिफमधील नोंदीही पुसून टाकतात. जीडीएएल आकार बदलताना हा हिशेब स्वतःच करते.

खरे पाहता, पुष्कळदा नकाशा लहान करण्याची गरजच नसते. तो लवकर उघडावा एवढीच इच्छा असते. त्यासाठी मूळ प्रतिमेसोबतच निम्म्या, चौथाई, अष्टमांश आकाराच्या प्रती त्याच फाइलमध्ये साठवतात. दुरून पाहताना लहान प्रत दिसते, जवळ गेल्यावर मूळ. एवढ्यासाठी मूळ पिक्सेलांच्या साधारण एक-तृतीयांशच जास्त भार पडतो. शासकीय संकेतस्थळांवर पूर्ण नकाशाची एकच जड फाइल टाकण्याऐवजी असे स्तर आणि लहान चौकटी करून ठेवल्या, तर गावातील साध्या जोडणीवरही सर्व्हे क्रमांक वाचता येईल. हे तंत्र नवे नाही, महागही नाही.

पीडीएफ नकाशा हाती आला तर तो आधी खूप मोठा करून पाहावा. रेषा धारदारच राहिली तर ती रेखारूपात आहे; तिचे चित्र करणे म्हणजे हातचे घालवणे. व्हॉट्सअॅपवर नकाशा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो वाटेत आणखी लहान होत नाही. रेषांच्या नकाशाला जेपेगपेक्षा पीएनजी किंवा हानिरहित संकोचनाचे टिफ बरे. जेपेगमध्ये लाल-निळ्या अक्षरांभोवती धूसर डाग पडतात.

प्रतिमेचा आकार बदलला की नकाशावर छापलेले १:२५,००० हे प्रमाण त्या प्रतीपुरते खोटे ठरते. तळाशी आखलेली प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून तिच्यावरून घेतलेले माप चुकत नाही. कडा कापून फाइल हलकी करताना बहुधा हीच पट्टी सर्वांत आधी कापली जाते.