महाप्रसादाचे अन्न आणि स्टॅफिलोकोकसजन्य विषबाधा

सामुदायिक भोजनानंतर काही तासांतच दहा-वीस जणांना उलट्या सुरू झाल्या, की 'अन्नात पाल पडली असावी' हा तर्क आपल्याकडे सर्वांत आधी पुढे येतो. वस्तुतः घरात वावरणारी पाल विषारी नसते. अशा प्रसंगी संशयास अधिक पात्र असतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू, आणि तो बहुधा रांधणाऱ्याच्या अथवा वाढणाऱ्याच्या हातांतून अन्नात उतरलेला असतो.

स्कॉटलंडमधील अॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पुवाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले, तेव्हा त्यांना गोलाकार जीवाणूंचे घोस आढळले. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घोसास 'स्टॅफिली' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. १८८४ मध्ये जर्मन संशोधक रोझेनबाख यांनी या जीवाणूच्या सोनेरी रंगाच्या वसाहतींवरून त्यास 'ऑरियस' हे विशेषण जोडले. दर दहा निरोगी माणसांपैकी साधारण दोन-तीन जणांच्या नाकात तो कायम वस्ती करून असतो व त्यांस कसलाही त्रास होत नाही. गळू, नखुरडे, पिकलेली जखम अथवा भाजल्याचा चिघळलेला फोड यांत मात्र त्याची संख्या अफाट असते. दुभत्या जनावरांच्या कासदाहाचेही, म्हणजे गोपालक ज्यास 'दगडी' म्हणतात त्या रोगाचे, तो एक प्रमुख कारण आहे.

अन्नविषबाधेशी त्याचा संबंध उलगडला तो दुधातूनच. फिलिपीन्समधील एका गोठ्याचे दूध पिणाऱ्यांना वारंवार त्रास होत असे. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात बार्बर या संशोधकाने ते दूध स्वतः पिऊन पाहिले. ताजे दूध निरुपद्रवी ठरले. तेच काही तास उबेत ठेवून प्यायल्यावर मात्र उलट्या झाल्या. मूळ निघाले एका गायीच्या रोगट कासेत. पुढे १९३० मध्ये शिकागो विद्यापीठातील गेल डॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाताळच्या एका केकमुळे झालेल्या विषबाधेचा छडा लावला. जीवाणू गाळून काढल्यावर उरलेला द्रवही स्वयंसेवकांना आजारी पाडतो, हे त्यांनी दाखवून दिले. अर्थात पीडा देतो तो जीवाणूने अन्नात सोडलेला विषारी पदार्थ, ज्यास आंत्रविष म्हणतात. अशी वीसहून अधिक आंत्रविषे आज ज्ञात असून 'ए' प्रकारचे सर्वाधिक आढळते.

स्वयंपाकघरात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. जीवाणू उकळीने मरतात. आंत्रविष अर्धा तास उकळले तरी पुष्कळसे टिकून राहते आणि जठरातील पाचकरसांनाही दाद देत नाही. 'पुन्हा एक उकळी देऊ, म्हणजे झाले' हा आपला भरवसा येथे फसतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. ३१ मार्च २००० रोजी होक्काइदो बेटावरील स्नो ब्रँड कंपनीच्या दूधभुकटीच्या कारखान्यात वीज गेली आणि दूध काही तास कोमट अवस्थेत राहिले. पुढील प्रक्रियेत जीवाणू मेले, विष उरले. ती भुकटी ओसाका येथे दुग्धपेयांत वापरली गेली आणि त्या उन्हाळ्यात १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

हा जीवाणू साधारण ७ ते ४८ अंश सेल्सिअस या तापमानात वाढतो आणि ३७ अंशांच्या आसपास सर्वाधिक वेगाने. अनुकूल स्थितीत त्याची संख्या सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होते. म्हणजे शंभराचे एक लाख व्हावयास पाच तास पुरतात, आणि ग्रॅममागे लाखाच्या पुढे गेल्यावर विषाचे प्रमाण बाधण्याइतके होते. वैशाख-ज्येष्ठातील इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबादची दुपार त्यास किती मानवत असेल, हे सांगावयास नको. मीठ व साखर यांस तो इतर जीवाणूंपेक्षा अधिक सोसतो. मात्र अन्य जीवाणूंशी स्पर्धेत तो दुबळा पडतो व आंबटपणा त्यास रुचत नाही. म्हणून चांगल्या विरजलेल्या दह्यात त्याचा निभाव सहसा लागत नाही. शिजवलेल्या अन्नातील स्पर्धक मात्र आचेने आधीच नाहीसे झालेले असतात, आणि त्यानंतर हाताने आलेल्या या पाहुण्यास सारे रान मोकळे मिळते.

त्यामुळे पाहावयाचे ते शिजवल्यानंतर कोणत्या पदार्थास हात लागतो हे. उकडलेले बटाटे सोलून परातीत ढीग रचणे, दहीभातासाठी भात हाताने कालवणे, खवा मळून पेढे वळणे, ही सारी त्याची प्रवेशद्वारे होत. आपल्याकडे ज्यास 'मावा' म्हणतात तो बाजारातून आणलेला खवा आधीच किती हातांतून व किती उन्हातून आला आहे, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. कढईतून थेट द्रोणात पडणारा ऊनऊन शिरा त्या मानाने पुष्कळ निर्धोक.

नैवेद्य दाखविण्यापूर्वी चव न पाहण्याचा आपला दंडक आरोग्यदृष्ट्याही उत्तम आहे. सोवळ्याविषयी मात्र गैरसमज नसावा. स्नान व धूतवस्त्र यांनी शरीर स्वच्छ होते. नाकातील जीवाणू तेथेच राहतो आणि घाम पुसणाऱ्या हाताबरोबर अन्नात येतो. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून निघालेल्या एका जपानी विमानात १९७ जणांना विषबाधा झाली. तिचा माग वाटेतील अँकरेज शहरातील एका स्वयंपाक्याच्या बोटावरील पिकलेल्या फोडापर्यंत गेला होता. उत्सवकाळात बोटास जखम असलेल्या सेवेकऱ्यास 'आज रांधू नका' असे सांगणे जड जाते. वर्षभर वाट पाहून मिळालेली सेवा असते ती. तरीही सांगावे, आणि पाकगृहाबाहेरील सेवा त्यांस मानाने द्यावी.

लक्षणे अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत प्रकट होतात: मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात मुरडा, पुष्कळदा जुलाब. ताप बहुधा नसतो वा अल्प असतो. बहुतेकांना एका दिवसात उतार पडतो आणि हा आजार एकापासून दुसऱ्यास लागत नाही. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नाही, कारण विष आधीच तयार झालेले असते. शरीरातील पाणी भरून काढणे हाच खरा उपचार. जलसंजीवनीची पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. चमचा चहाचा असावा. लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांच्या बाबतीत, तसेच लघवी थांबणे, ग्लानी येणे, शौचावाटे रक्त जाणे अथवा दुसऱ्या दिवशीही उलट्या न थांबणे अशी चिन्हे दिसल्यास, घरगुती उपायांवर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

अन्न रांधणे आणि वाढणे यांतील अवधी जितका कमी, तितके बरे. भोजन गरम ठेवावयाचे तर ते ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे, थंड ठेवावयाचे तर ५ अंशांच्या खाली. मोठ्या पातेल्यातील खीर वा बासुंदी तशीच थंड होण्यास कित्येक तास घेते, म्हणून ती उथळ परातींत काढावी. पहाटे शिजलेला आणि माध्यान्हीच्या आरतीनंतरही सायंकाळपर्यंत झाकून ठेवलेला प्रसाद कितीही श्रद्धेने घरी नेला, तरी तो दुसऱ्या दिवशी मुलांना देऊ नये. अन्नास वास येत नाही, चव बदललेली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण या विषास ना वास असतो ना चव.

सामुदायिक भोजनाच्या दिवशी प्रत्येक पदार्थाची वाटीभर वानगी स्वच्छ झाकणबंद डब्यात घालून, वर दिनांक व वेळ लिहून, शीतकपाटात दोन-तीन दिवस राखून ठेवावी. दुर्दैवाने काही घडलेच तर सर्व पातेली घासून पुसून ठेवण्याची घाई करू नये. उरलेले अन्न व ही वानगी अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी.